मधे लालासाहेब

नाही, मला तुम्ही एक सांगा, लग्न कुणाचं होतं? कृष्णातचं आणि उमाचं. मुंडावळ्या कुणाच्या कपाळाला होत्या? कृष्णातच्या आणि उमाच्या. हळद कुणाला लागली, आंतरपाट कुणाच्या मधे धरला, जन्माची गाठ कुणाशी कुणाची पडली? मग लग्नाचा अल्बम उघडावा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघावा, तर या बाजूला उमाचा कान, त्या बाजूला कृष्णातचा खांदा, आणि मधे कोण? लालासाहेब!

हसताय? हसा, हसा. तुम्हाला कुठं इंग्लंडला जायचंय. त्या पोराला जायचं होतं हो, स्वतःच्या बायकोला भेटायला जायचं होतं, आणि त्या वकिलातीतला साहेब अल्बम पुढं ठेवून विचारतो की बाबा, यात तू कुठं आहेस...

थांबा, असं मधूनच नको. तुम्हाला सांगतो, मी दादासो. सांगलीजवळ विश्रामबागेत चौकात माझा एसटीडी बूथ आहे, पिवळी पाटी, काचेची केबिन, आत एक स्टूल. केबिनचं दार लागत नाही. आता दार लागत नाही हा काय माझा गुन्हा आहे? सुताराला सांगून सांगून जीभ झिजली, तो म्हणतो येतो, आणि येत नाही. त्यामुळं लोकांची बोलणी मी ऐकत नाही, मला ती ऐकू येतात, फरक आहे. कुणाच्या पोरीचं स्थळ मोडलं, कुणाचा भाऊ मस्कतला रुसला, सगळं येतं कानावर. पण इकडचं तिकडं करायची सवय नाही आपल्याला. आता तुम्हाला सांगतोय ते वेगळं.

तर कृष्णात. तासगाव रस्त्याला घरची द्राक्षबाग, बाप लवकर गेला, आई रंगुबाई आणि हा, दोघांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग. कामाला वाघ, पण बोलायला म्हणाल तर शब्द विकत घ्यायला लागतो की काय असं वाटावं. आणि उमा मिरजेला नर्सिंग शिकलेली, चुणचुणीत, डोळ्यांत हसणारी. तिचे वडील लालासाहेबांच्या साखर कारखान्यात टाइमकीपर. झालं, तिथंच माशी शिंकली. लालासाहेब म्हणजे चेअरमन. माणूस वाईट नाही हो, देवाशपथ वाईट नाही, उलट लय मायाळू. पण माया करायची म्हणजे मधे जाऊन उभं राहायचं, अशी त्यांची आपली समजूत. भावाभावांचं भांडण असो, बैलगाडीची शर्यत असो, पुलाचं उद्घाटन असो, लालासाहेब मधे.

लग्नाचा मुहूर्त बाराचा. भटजी घड्याळाकडं बघताहेत, मामा पोरीचा हात धरून उभे, वैशाखातलं ऊन, मांडवात माणसं वाळत घातल्यासारखी, आणि लालासाहेब येईनात. टाइमकीपरची पोरगी, तिच्या लग्नाचा टाइम कुणाला पाळता येईना बघा. शेवटी जीप आली, फटाके वाजले, अक्षता पडल्या. लालासाहेब स्टेजवर चढले, हा भलाथोरला फेटा, गळ्यात हार, भाषण झालं, आणि मग फोटो. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, पाहुणा मोठा असला की नवरा-नवरीच्या बाजूला उभा करत नाहीत, मधे घेतात. मान द्यायचा म्हणजे मधे घ्यायचं. आणि एकदा लालासाहेब मधे उभे राहिले म्हटल्यावर सगळा मांडव रांगेत आला. चुलते आले, सरपंच आले, सोसायटीचे सेक्रेटरी आले, बायकांच्या माहेरची माणसं आली. फोटो कुणाबरोबर? लालासाहेबांबरोबर. नवरा-नवरी आपली दोन्ही कडेला, समया ठेवल्यासारखी.

आणि रोल संपला. आता फोटोग्राफर काय करतो? रोल संपला म्हणून भर मांडवात सांगितलं तर पाहुणे रुसतात, म्हणून नुसता फ्लॅश मारत राहायचं, ही त्या धंद्यातली जुनी चाल. लालासाहेब जीपमध्ये बसून गेले, माणसं पंगतीला बसली, स्टेज मोकळं झालं, तेव्हा कुठं या दोघांना जवळ उभं केलं. “वहिनी, मान जरा वर. दाजी, हसा की, लग्न झालंय तुमचं.” कृष्णात हसला हो. उमानं वर बघितलं. फटाक! आणि आत रोल नाही. जन्मात एकदा दोघं जवळ उभी राहून हसली, ते कुठंच उमटलं नाही.

बरं, निदान लग्नानंतर तरी निवांतपणा मिळावा की नाही? कुठला. ज्येष्ठात देवदर्शन. जोतिबा, तुळजापूर, जेजुरी, एका ट्रॅक्समध्ये सगळं खानदान, नवरा पुढं ड्रायव्हरजवळ, नवरी मागं आत्याच्या मांडीला मांडी लावून, आणि आत्याला गाडी लागते. मग आला आषाढ. आषाढात नवी नवरी सासरी ठेवायची नाही, माहेरी धाडायची. धाडली. आणि श्रावणात इंग्लंडच्या दवाखान्यातनं तिला बोलावणं आलं. लग्नाआधीच अर्ज टाकला होता, मुलाखत झाली होती, कागद इतका उशिरा येईल असं कुणाला वाटलं होतं? रंगुबाई रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, “जा बाई. शिकलीयास, हात चांगला हाय तुझा. गोऱ्यालाबी दुखणं आसतंयच की.” आणि गेली पोरगी. नॉरिच का कायसं गाव आहे, पार पूर्वेकडं, तिथं दवाखान्याच्याच आवारात एक खोली.

म्हणजे हिशेब बघा, वैशाखात लग्न, ज्येष्ठात देव, आषाढात माहेर आणि श्रावणात इंग्लंड. त्या पोरानं बायकोचं तोंड निवांत कधी बघायचं?

मग दर रविवारी तो माझ्या बूथवर. अंगात धुतलेला शर्ट, केस ओले करून चापून बसवलेले. फोनवर बोलायला केस कशाला विंचरायचे? पण विंचरून यायचा. तिचा फोन यायचा तिकडनं, ठरलेल्या वेळेला, आणि बाहेर माझी रांग उभी, कुणाला दुबईला लावायचाय, कुणाला कराडला, सगळ्यांचे कान आत. तो काय बोलणार? “जेवलीस का?” ती काहीतरी सांगायची. “बरं.” ती आणखी काहीतरी सांगायची, लांबलचक, रडत असावी असं वाटायचं. हा एवढा लाल व्हायचा आणि म्हणायचा, “बाग बरी हाय.” आरं, ती बागेचं विचारत होती का रं बाबा? पण त्या केबिनमध्ये प्रेमाचं बोलायची सोय नव्हती हो. दार लागत नाही.

एका रविवारी मात्र तिचं बोलणं मलाही ऐकू आलं, इतकी ती मोठ्यानं म्हणाली, “तुम्ही या इकडं. मला काही नको, नुसते या.” कृष्णात बाहेर आला, रांगेतनं वाट काढली, माझ्या टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “दादासो, इंग्लंडला कसं जायाचं?” मला विचारतोय. मी कराडच्या पुढं कामाशिवाय जात नाही. पण एसटीडी बूथवाला म्हणजे परदेशाशी संबंध असलेला माणूस, असा आपल्या लोकांचा समज, आता तो मी कशाला मोडू?

गेलो सांगलीत धवलशेठकडं. धवलशेठ तिकिटं काढून देतात, व्हिसाचे कागद भरून देतात, टेबलावर छोटं पितळी विमान. त्यांनी चष्म्यातनं बघितलं आणि सुरू झाले, “हे बघा, बायको तिकडं अजून शिकाऊ. पक्की नोकरी लागली, पक्का परवाना मिळाला, की नवरा म्हणून, तिच्यावर अवलंबून म्हणून जाता येतं, पाहिजे तेवढं राहता येतं. आत्ता फक्त व्हिजिट. व्हिजिट म्हणजे व्हिजिट. भेटायचं, राहायचं नाही. जास्तीत जास्त सहा महिने. काम करायचं नाही. तिकडं गेल्यावर ‘आता राहतोच’ म्हणायचं नाही. जास्त राहायचं असलं तर परत यायचं, आणि इथनं नव्यानं अर्ज करायचा.”

मी म्हटलं, “म्हणजे जास्त राहायचं असलं तर आधी परत यायचं?”

“व्हिजिट म्हणजे व्हिजिट,” धवलशेठ म्हणाले.

कृष्णातनं घरी जाऊन आईला सांगितलं. रंगुबाईंना काही केल्या पटेना. “आरं, नवऱ्यानं बायकूकडं जायाला सरकारचा कागूद कशापायी? आन तिच्यावर आवलंबून म्हंजी? बाग कुणाची हाय? तू कुणाच्या खाल्ल्या अन्नावर हायस?” गल्लीत तर विचारू नका. “काय कृष्णात, बायको पोसणार म्हणं आता?” पारावरच्यांना तेवढंच पाहिजे असतं. एरवी तो खाली मान घालून जाणारा, पण त्या दिवशी वळला आणि म्हणाला, “पोसंना का. बोलवलंय तिनं.” आणि गेला. मला तेव्हाच कळलं, हा गडी जाणार.

तर मुंबई. मला घेऊन गेला बरोबर, सोबतीला. वकिलातीच्या बाहेर ही रांग, टाय लावलेली माणसं, अत्तराचा वास, आणि आमचा कृष्णात पांढऱ्या पायजम्यात, बगलेत लग्नाचा अल्बम. मला आत सोडेनात, मी समोरच्या झाडाखाली बसलो. आत काय झालं ते त्यानं मला मुंबईपासून साताऱ्यापर्यंत थेंब थेंब सांगितलं, तेच सांगतो.

काचेच्या पलीकडं गोरा साहेब, बाजूला एक मराठी बाई, साहेबाचं मराठीत सांगायला. पुण्याकडची असावी, बोलणं अगदी इस्त्रीचं. साहेबानं विचारलं, लग्नाचा दाखला? आता लग्नाचा दाखला आपल्याकडं कोण काढतो हो? गावजेवण झालं, चार माणसांनी बघितलं, हाच दाखला. दोघांनी मिळून कचेरीत जाऊन काढायचा म्हटलं तर एक जण इंग्लंडात. त्यानं लग्नपत्रिका दिली. पत्रिकेत वर ठळक कोण? ‘प्रमुख उपस्थिती : लालासाहेब’, त्याखाली पंचक्रोशी, त्याखाली आमचे येथे, आणि नवरा-नवरी मुंगीएवढ्या अक्षरात. साहेबानं पत्रिका बाजूला ठेवली आणि म्हणाला, फोटो?

यानं अल्बम दिला. साहेब पान उलटतो, फेटा. पान उलटतो, फेटा. साहेबानं लालासाहेबांवर बोट ठेवलं, बाईंनी विचारलं, “हे वरमहाशय का?” कृष्णात म्हणाला, “न्हाई, ते चेअरमन.” “मग तुम्ही कुठे आहात?” “कडंला.” साहेबानं डोळे बारीक केले. कडेला खांदा दिसतोय, मुंडावळ्यांत अर्धा गाल दिसतोय, तो याचाच कशावरून? साहेब म्हणाला, तुमचा आणि पत्नीचा, दोघांचाच, असा एक फोटो दाखवा. एक. अख्ख्या अल्बममध्ये एक नाही हो! सगळीकडं मधे लालासाहेब.

आणि मग साहेबानं शेवटचं विचारलं, “पत्नी तिकडे, तिचा पगार तिकडे, तर तुम्ही परत कशाला याल?” आता इथं बोलायला पाहिजे होतं की नाही? हा म्हणाला, “यायचंय.” का? “घर हाय.” संपलं. नाही म्हणाले. नातं पटलं नाही आणि परतायचं कारणही पटलं नाही.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाटात गाडी वळणं घेत होती, आणि तो खिडकीतनं बघत एकदाच म्हणाला, “दादासो, खरंच का रं आमचं लगीन झालंय?” तुम्हाला सांगतो, मला हसू आलं नाही.

मग सल्ले देणाऱ्यांना काय तोटा? एक म्हणाला, दोघांचे वेगवेगळे फोटो दे, स्टुडिओवाला जोडून देतो, मागं ताजमहाल टाकतो. एक म्हणाला, लालासाहेबांच्या तोंडावर तुझं तोंड चिकटव. कृष्णातनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “खोटं करून तिच्याकडं जायाचं न्हाई.” आणि सरळ निघाला लालासाहेबांकडं, की तुम्ही मधे उभे होता, आता तुम्हीच काय ते लिहून द्या. मीही गेलो. अशा वेळी माणसानं असावं बरोबर.

लालासाहेब झोपाळ्यावर बसलेले. सगळं ऐकलं, आणि झोपाळा थांबला. “म्हंजी? आमचा फोटो इंग्लंडनं परत धाडला?” त्यांना कृष्णातच्या व्हिसाचं नाही, आपला फोटो नापास झाला याचं दुःख. “आरं आमी उभं हाय त्या फोटूत! आजून कुणाचा पुरावा पायजे त्यास्नी?” फोन करा म्हणाले, दिल्लीला लावा म्हणाले, लेटरहेड मागवलं. आणि त्या तावातच म्हणाले, “आरं, तुमच्या लग्नात मी मरता मरता वाचलोय, म्हाईत हाय का? तुमची ती उपरण्याची गाठ! म्या मधी उभा, ह्याचं उपरणं हिकडनं, तिचा पदर तिकडनं, गाठ माज्या प्वाटावर! उतरताना पाय आडकला, सरपंचानं धरलं म्हनून, न्हाईतर त्याच मांडवात माजी शोकसभा घ्याया लागली आसती.”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो.

घरी येऊन अल्बम उघडला. आणि तुम्हाला सांगतो, डोळे असून आंधळे आपण! एकेका फोटोत बघा, लालासाहेबांच्या पोटावरनं, हाराच्या खालनं, कृष्णातच्या उपरण्याचं टोक आलंय, उमाचा हिरवा पदर आलाय, आणि बरोबर मधे, जाकिटाच्या बटणाजवळ, करवलीनं मारलेली गाठ. सगळ्या फोटोत. सरपंच बदलले, पाहुणे बदलले, गाठ आपली जागच्या जागी. रंगुबाईंनी चष्मा लावून बघितलं, त्या गाठीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे बग. देवानं आदीच लिवून ठिवलंय. तुमीच फेटा बगत बसलासा.”

फाल्गुनात माल उतरला, बाग मोकळी झाली, आणि निघालो पुन्हा मुंबईला. या खेपेला लालासाहेबांची जीप, कारण लालासाहेबही निघाले होते. कसे म्हणजे? कारखान्याच्या संचालकांचा अभ्यास दौरा! इंग्लंडात म्हणे बिटापासून साखर काढतात, ती बघायला. आपल्याकडं उसाचीच ठेवायला जागा पुरेना, आणि हे बिट बघायला. पण त्यांनाही व्हिसा लागत होता, म्हणून एका जीपमध्ये दोघं अर्जदार, आणि मी झाडाखाली बसणारा.

आत काय झालं ते मला लालासाहेबांनी सांगितलं, आणि त्यातलं खरं किती ते कृष्णातनं. या खेपेला साहेब नव्हता, गोरी बाई होती, चेहरा मायेचा. सांगणारी पुण्याची बाई तीच. गोऱ्या बाईनं अल्बम उघडला आणि तिच्याही कपाळाला तीच आठी. इकडं लालासाहेबांचं काम पलीकडच्या खिडकीवर दोन मिनिटांत झालेलं, कृष्णातला अजून उभा बघून त्यांना राहवेना. आले, आणि काचेसमोर कृष्णातच्या पुढं सरकून उभे राहिले. इकडं बाई, तिकडं कृष्णात, आणि मधे कोण? लालासाहेब!

बाईनं फोटोकडं बघितलं. मान वर करून माणसाकडं बघितलं. तोच फेटा, तेच जाकीट, मागं अर्धा दिसणारा तोच गाल, तोच खांदा. आणि ती बाई हसायला लागली हो, तोंडावर हात धरून हसायला लागली. लालासाहेबांना वाटलं आपल्याला ओळखलं. त्यांनी नमस्कार केला.

तेवढ्यात कृष्णात बाजूनं पुढं आला. लालासाहेबांना कोपरानं जरा सरकवलं. चेअरमनला सरकवलं त्यानं, आपल्या भागात असं आजवर कुणी केलं नाही. आणि गाठीवर बोट ठेवलं. “बाई, फेटा बघू नका. हितं बघा. हे माझं उपरणं. हा तिचा पदर. गाठ हाय. आमच्यात ज्याची गाठ त्याचं लगीन. मधी कुणीबी उभं ऱ्हाऊ दे.” पुण्याच्या बाईनं ते इंग्रजीत सांगितलं. गोऱ्या बाईनं पानं उलटली, गाठ, गाठ, गाठ. मान हलवली.

मग तोच जुना प्रश्न. परत का याल? आणि तुमच्या कानाला खोटं वाटेल, पण हा गडी बोलला. जन्मात बोलला नव्हता तेवढा बोलला. “बाई, माझी द्राक्षाची बाग हाय. वर्साला दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी, ती करून मी निघणार. ऑक्टोबरला फळ छाटणी, ती चुकली तर वरीस गेलं, घड लागत न्हाई. आई म्हातारी, गडी मिळतो पर डोळा कुठला देणार? कुठल्या काडीला किती डोळं, म्हंजी कोंब, ठेवायचं ते काडी बघून ठरतं. तुमचं सा म्हयनं म्हंजी माज्या दोन छाटण्यांच्या मधला येळ हाय. तुमी जादा देतो म्हनला तरी मला घेता यायचा न्हाई.”

बाईनं विचारलं, “आणि पत्नी थांबा म्हणाली तर?”

कृष्णातनं अल्बम मिटला. मग म्हणाला, “ती म्हनंल थांब. मलाबी थांबावं वाटंल. पर बागेतला येल थांबत न्हाई.”

बाईनं शिक्का उचलला.

बाहेर आला तो पासपोर्ट छातीशी धरून, आणि मला म्हणाला, “दादासो, बूथ कुठं हाय हितं?” मुंबईत मी त्याला बूथ शोधून दिला. त्याचं दार लागत होतं. काचेतनं दिसत होतं, तो बोलतोय, हसतोय, डोळे पुसतोय. काय बोलला देव जाणे. चांगलं दार होतं.

एप्रिलला छाटणी उरकली, हातात कात्रीचे घट्टे तसेच, आणि हा विमानात बसला. आता तुम्हाला वाटेल, झालं, सुखी झाले, आपण घरी जाऊ. अहो, पावसाळ्याच्या तोंडाला तिकडनं फोन आला, मी उचलला, म्हटलं काय कृष्णात, बरं आहे का? तर पलीकडनं, “कोन, बूथवालं का? आरं, रंगुबाईला निरोप दे, कुनी येत आसलं तर तिखाट पाठीव आन ज्वारीचं पीठ पाठीव. हितलं जेवान म्हंजी निसता पाला!” लालासाहेब! दौरा संपला, बाकीचे संचालक बिट बघून परत आले, आणि हे म्हणाले, आपल्या टाइमकीपरची पोरगी इथंच आहे, तिला भेटल्याशिवाय कसं जायचं? गेले, जिना चढताना गुडघा धरला, पोरगी नर्स, तिनं औषध लावलं, आणि राहिले की. एका खोलीत! रात्री उमा दवाखान्यात ड्युटीवर, लालासाहेब कॉटवर, कृष्णात खाली सतरंजीवर, आणि दिवसा ती झोपायची तेव्हा हे दोघं बाहेर बाकावर. भेटायचा व्हिसा कुणाचा, आणि राहतंय कोण? व्हिजिट म्हणजे व्हिजिट, हे त्यांना कुणी सांगायचं? शेवटी गुडघा बरा झाला म्हणून नाही, गावाकडं निवडणूक लागली म्हणून परत आले, तेव्हा त्या दोघांना महिनाभर काय निवांतपणा मिळाला तो मिळाला.

इकडं विश्रामबागेत पैजा, खोटं कशाला बोलू, तो येत नाही यावर दोन मीही लावल्या. येतंय कशाला आता, म्हणे, बायकोच्या पगारावर खातंय. रंगुबाई माझ्या बूथवर येऊन बसायच्या, फोनकडं बघायच्या. त्या तोंडानं काय म्हणत नव्हत्या ते मला ऐकू येत होतं. आणि दसरा झाला, छाटणीचे दिवस आले, एका सकाळी बूथचं शटर वर करतोय तर समोर बॅग घेऊन कृष्णात. जरा गोरा झालेला. घरी जायच्या आधी बागेत जाऊन आला होता, चप्पलला माती.

म्हटलं, “आलास?” म्हणाला, “आलो की. सांगितलं हुतं बाईंना.” म्हटलं, “आणि उमा?” तो स्टुलावर बसला. म्हणाला, विमानतळावर ती काचेपलीकडं उभी होती, थांबा म्हणाली नाही, नुसती बघत होती. तिची नोकरी पक्की होतेय, परवाना आला की नव्यानं अर्ज करायचा, यंदाचा माल उतरला की निघायचं, आईलाही न्यायचं बघायचं. म्हणजे पुन्हा धवलशेठ, पुन्हा रांग, पुन्हा झाड आणि झाडाखाली मी.

मग खिशातनं फोटो काढून दिला, माझ्या बूथवर लावायला. तिकडचा फोटो, मागं हिरवळ, विटांचा दवाखाना. एका बाजूला उमा, हसतीय. एका बाजूला कृष्णात, हसतोय. आणि मधे कोण? विचारताय काय, फेटा दिसतोय की! पण नीट बघितलं तर कृष्णातच्या मफलरचं टोक आणि उमाच्या ओढणीचं टोक, लालासाहेबांच्या पोटावर, गाठ मारून. उमानं मारली म्हणे, मुद्दाम, पुढच्या अर्जाला उपयोगी पडंल म्हणून. लालासाहेबांना पत्ता नाही.

मी तापलोच हो. म्हटलं, “मूर्खा, सहा महिने राहिलास, दोघांचाच एक फोटो काढता आला नाही? पुन्हा साहेबानं मागितला तर?”

“काढला की,” तो म्हणाला.

“दोघांचाच?”

“दोघांचाच. आपोआप निघायचा कॅमेरा हुता तिच्या मैतरणीचा. काढायलाबी कुणी न्हवतं.”

“मग आण, दाखव की!”

तर त्यानं शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवला, वर बटण लावलं, आणि जन्मात बोलला नव्हता असं बोलला, “दादासो, त्यो दाखवायचा नसतोय.”

आणि गेला छाटणीला. आता सांगा, एवढ्या मुंबईच्या वाऱ्या केल्या, दोनदा झाडाखाली बसलो, पैजा हरलो, आणि माझ्या भिंतीवर काय? रोज गिऱ्हाईक येतं, फोटो बघतं, आणि मला विचारतं, “दादासो, छान जोडा आहे हो... फेटेवाले नवरदेव का?” मी हो म्हणतो. सुतार येईपर्यंत दार उघडंच आहे, एकाला सांगितलं की रांगेतले सगळे विचारणार, कुणाकुणाला समजावत बसू?